तारी काय म्हणाली असती

हिवाळ्यात पहिल्यांदा हीटर लावला की छतातल्या जाळीतून जळक्या धुळीचा वास येतो. वर्षभर पाइपात साचलेली धूळ भाजून निघते आणि दहा मिनिटांत वास जातो. यंदाही तो आला आणि गेला. इरा अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "ममा, समथिंग्ज बर्निंग." मी म्हटलं, "काही नाही, धूळ आहे." पण तेवढ्याने मला तो हिवाळा आठवला. लॉकडाऊनमुळे आम्ही चौघं टार्निट उपनगरातल्या या घरात आठवडेच्या आठवडे कोंडलेले होतो आणि माझे वडील कानटोपी घालून याच जाळीखाली उभे राहायचे.

आठवला म्हणजे काही भरून वगैरे आलं नाही. त्या महिन्यांबद्दल मला आजही धड काही वाटत नाही, आणि याचीच मला थोडी लाज वाटते. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो आणि नसतोही, तसा तो काळ होता. पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, दिवसातून एकच तास फिरायचं, रात्री आठनंतर बाहेर पाऊल टाकायचं नाही. लोक चिडायचे, रडायचे, बाल्कनीत उभं राहून गाणी म्हणायचे असं ऐकलं. मला हे नियम सोयीचे वाटले. काही वाटून घेण्याची सक्ती त्यात नव्हती.

अण्णा तीन महिन्यांसाठी आले होते. आई गेल्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. कराडच्या घरात एकटे काय करतील म्हणून मीच त्यांना बरोबर घेऊन आले, आणि पंधरा दिवसांत सीमा बंद झाल्या. मधेमधे परतीची विमानं निघायची, पण त्या वयात त्यांना एकट्याला पाठवायची माझी हिंमत झाली नाही. तीन महिन्यांचे वीस महिने झाले.

आई कशी गेली ते आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं. तिचं पोट दुखत होतं. तीन आठवडे ती हॉस्पिटलमध्ये होती आणि मला ते कळवलं नाही. मी दर रविवारी फोन करायचे. एका रविवारी अण्णा म्हणाले, ती देवळात गेलीय. पुढच्या रविवारी म्हणाले, आत्ताच डोळा लागलाय. त्याच्या पुढच्या रविवारी फोनचा कॅमेरा बिघडलेला होता. मग एका बुधवारी चुलतभावाचा फोन आला, आणि मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. कोणी काही लपवलं असं कुणालाच वाटत नव्हतं. परदेशातल्या मुलांना असंच सांभाळतात आमच्याकडे. ती लांब आहे, तिची नोकरी आहे, लेक लहान आहे, उगाच जिवाला घोर कशाला. दारात भेटलेल्या मावशींनी तर कौतुकानेच सांगितलं, "अण्णांनी तुला कळूसुद्धा दिलं नाही बघ."

मी त्यांना विचारलं नाही, का नाही सांगितलंत म्हणून. त्या दिवशी नाही, विमानात नाही, इथे आल्यावरही नाही. ते सत्तरीचे, नुकतेच एकटे पडलेले, त्यात परक्या देशात. त्यांना काय विचारायचं? मी त्यांना वेळेवर चहा दिला, गोळ्या दिल्या, पायमोजे आणून दिले. ते म्हणायचे, "तू कामाचं बघ, माझं काही नाही." आमच्याइतकी समजूतदार माणसं त्या रस्त्यावर दुसरी नसतील.

मी एका पाणी कंपनीच्या तक्रार विभागात काम करते. त्या हिवाळ्यात ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं. सकाळी सात ते दुपारी तीन कानाला हेडसेट. लोक ओरडतात आणि आपण शांत राहायचं, याचं आम्हाला रीतसर ट्रेनिंग दिलेलं आहे. समोरच्याचा आवाज चढला की आपला उतरवायचा. "आय हिअर यू" म्हणायचं, मग दोन सेकंद थांबायचं. बहुतेक माणसं त्या दोन सेकंदांत विझतात. मी या कामात चांगली होते, अजूनही आहे. फक्त एवढंच, की शांत झालेला माणूस मला फोन ठेवल्यावर आठवत नाही. ओरडत राहिलेले मात्र सगळे आठवतात. मेल्टनचा एक म्हातारा होता, तो माझ्याशी आपल्या लिंबाच्या झाडावरून भांडला होता. त्याचा आवाज मी आजही ओळखेन.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दिवाळी अंकांच्या मुलांच्या पानांत त्यांच्या गोष्टी यायच्या. मुलांसाठी एक कादंबरी लिहायची असं ते मी शाळेत असल्यापासून म्हणत होते. टार्निटमध्ये त्यांना अखेर वेळ मिळाला. सकाळी मागच्या खोलीत उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची ओढून ते फुलस्केप कागदावर पेन्सिलने लिहायचे. दुपारी साडेतीनला, माझी शिफ्ट संपून चहा झाला की, ते वाचून दाखवायचे आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचे. वाचन कसलं, शुद्धलेखनच घालायचे ते. "तारी म्हणाली, स्वल्पविराम, अवतरण चिन्ह सुरू, मी पाणी आणते, पूर्णविराम, अवतरण चिन्ह बंद." समोर चौथीचा वर्ग बसलाय अशा आवाजात. मी बोटं चालवायचे. शब्द कानातून येऊन बोटांतून जायचे, मधे कुठे थांबायचे नाहीत.

कादंबरी कोयनाकाठच्या एका कुंभाराच्या घरची होती. दहा वर्षांची तारी, तिचे आईबाप, आणि मैना नावाची म्हातारी गाढवी, जी माती वाहून आणायची. तारीचं मैनेवर भारी प्रेम. त्या घरात कोणी कुणाला उलटून बोलत नसे. आई म्हणे भाकरी खा, तारी म्हणे बरं आई. बाप म्हणे माती तुडव, तारी म्हणे हो बाबा. आठ प्रकरणं झाली तरी त्या मुलीला चेहरा नव्हता. ते माझ्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं इराच्या.

इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची शाळा तिच्या खोलीत भरायची आणि दुपारी ती चित्रं काढत आमच्याजवळ येऊन बसायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीतच देते. त्या आठवड्यात त्यांना टीचरने गोष्ट कशी लिहायची ते शिकवलं होतं. पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि कुणीतरी आडवं आलं पाहिजे. तिने रंगीत खडू खाली ठेवून विचारलं, "आजोबा, व्हॉट डज तारी वॉन्ट?"

"तिला काही नको," अण्णा म्हणाले. "गुणी मुलगी आहे ती."

"देन हू इज शी फायटिंग विथ?"

"कुणाशीच नाही. भांडकुदळ मुलांवर कोणी पुस्तक लिहीत नाही."

इराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुढे सांगा, अण्णा."

पुढे नववं प्रकरण आलं. तारी स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी मावशीकडे शहरात जाऊन राहते. इकडे मैना आजारी पडते. चार दिवस पडून राहते आणि मरते. घरचे तारीला कळवत नाहीत, पोरीची परीक्षा बिघडेल म्हणून. ती परत येते, मोकळा गोठा बघते. बाप तिला जवळ घेऊन सगळं सांगतो. अण्णांनी कागद थोडा लांब धरला आणि त्याच वर्गातल्या आवाजात वाचलं, "तारीने डोळे पुसले. ती म्हणाली, स्वल्पविराम, अवतरण चिन्ह सुरू, बरं झालं बाबा तुम्ही मला कळवलं नाहीत, स्वल्पविराम, माझा पेपर छान गेला."

माझी बोटं थांबली. मला दुःख झालं असं म्हणणार नाही. मी तो मजकूर टाइप करू शकले नाही, एवढंच खरं.

"दॅट्स सो फेक," इरा म्हणाली. "शी वुड बी फ्युरियस, आजोबा. लाइक, सुपर मॅड."

"आमच्या वेळची मुलं समजूतदार होती."

"नो किड एव्हर सेड दॅट. एव्हर."

अण्णांनी कागद खाली ठेवला. त्यांना कुणी चुकीची खूण केलेली खपत नसे, आणि इथे तर चौथीतली मुलगी करत होती. "मंजू, तू सांग. तारी काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, "उद्या बघू." तेवढी ओळ मोकळी सोडून मी लॅपटॉप बंद केला.

अण्णांनी ते कळूनसवरून लिहिलं होतं की न कळता, याचा मी नंतर खूप विचार केला आहे. मला वाटतं, न कळता. मनात खदखदणारी गोष्ट माणूस गाढवीच्या नावावर खपवतो आणि आपण सुटलो असं समजतो. आणि त्या ओळीत त्यांना माझ्याकडून काय ऐकायचं होतं तेही मला दिसलं. ते त्यांनी तारीकडून म्हणवून घेतलं होतं.

उद्या आला, आणि परवाही. इथे ऑगस्टात हिवाळा असतो. तो पूर्ण महिना आम्ही त्या एका मोकळ्या ओळीवर बसून होतो. बाहेर मागच्या तळ्याकाठची वॅटलची, म्हणजे इथल्या बाभळीची, झाडं पिवळीजर्द फुलली होती आणि मास्कमधूनही त्यांचा पिठासारखा वास यायचा. अण्णा आणि मी आमचा एक तास तिथे फिरायचो. शेजारचे सरदारजी लांबूनच हात करायचे, "सत श्री अकाल, अंकलजी!" अण्णा हात करायचे आणि मग आम्ही पुन्हा तारीवर यायचो.

"ती मडकी फोडेल," मी म्हणायचे.

"कुंभाराची पोर मडकं फोडत नाही. त्यात बापाची मेहनत असते."

"म्हणूनच फोडेल."

ते थबकायचे, मग चालायला लागायचे. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मडकं नाही. ती अबोला धरेल."

"किती दिवस?"

"ते तूच सांग," अण्णा म्हणाले आणि तळ्यातल्या बदकांकडे बघत राहिले.

मला कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलं. पण आम्ही दोघं तारीच्या आडून बोलत राहिलो, कारण तारीशी भांडायला परवानगी होती. यात एक गंमत झाली. त्या पोरीला हळूहळू नाकडोळे यायला लागले. ती आईला म्हणाली, तुला माहीत होतं आणि तूही गप्प बसलीस? तिने मावशीच्या साडीच्या पदराला तोंड पुसायची सवय लावून घेतली. तिला राग आला की ती मोठ्याने पाढे म्हणायची. हे अण्णांनी आधी ठरवून लिहिलेलं नव्हतं. तिने पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि त्या नाहीच्या मागून बाकीची मुलगी आली. आठ प्रकरणं हो म्हणून तिला जे मिळालं नव्हतं ते एका आठवड्यात मिळालं. इराला मी विचारलं, आता कशी वाटते तारी? ती म्हणाली, "अनॉइंग. आय लाइक हर."

फक्त बाप तसाच राहिला, लाकडी. काहीही झालं तरी तो शहाणं उत्तर द्यायचा. अण्णांना त्याला चुकू द्यायचं नव्हतं.

सप्टेंबरच्या मध्यावर एके दिवशी शिफ्टमध्ये एका बाईंचा फोन आला. घरात पाइप फुटला होता, नवऱ्याच्या कपड्यांचं कपाट भिजलं होतं, आणि तो नवरा आता नव्हता. मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "आय हिअर यू." दोन सेकंद थांबले. त्या विझल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "डोन्ट यू डेअर बी नाइस टू मी. से समथिंग रिअल." मी प्लंबर पाठवायची नोंद केली आणि शिफ्ट संपवली.

साडेतीनला अण्णा कागद घेऊन बसले. "लिही. बाप म्हणाला, स्वल्पविराम, अवतरण चिन्ह सुरू, पोरी, तुझ्या भल्यासाठीच आम्ही..."

"नाही लिहिणार."

"का?"

"खोटं आहे ते."

"कादंबरी आहे, मंजू."

"असू दे. त्याने का कळवलं नाही ते त्याला खरं सांगू द्या."

अण्णांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याला वाटलं, बरी होईल. कळवलं की ते खरं होतं. नाही कळवलं तर अजून नुसतं पोट दुखतंय."

"आणि बरी होत नाहीये हे कळल्यावर?"

"तेव्हा उशीर झाला होता."

आता गाढवी कुठेच नव्हती. मी विचारलं, "आईने माझ्याबद्दल विचारलं होतं?"

"रोज."

"आणि तुम्ही काय सांगायचात?"

ते माझ्याकडे बघत म्हणाले, "शिफ्ट चालू आहे तिची, म्हणून."

मी ओरडले. मी त्या आवाजात आयुष्यात कधी बोलले नव्हते. तुम्ही तिला सांगितलंत मी कामात आहे? ती हे समजून गेली की मला वेळ नव्हता? कुणी अधिकार दिला तुम्हाला? असं बरंच काही. आणि अण्णा ऐकून घेऊन गप्प बसले असते तर कदाचित सगळं तिथेच पुन्हा गोठलं असतं. पण तेही उठले. "आणि तू? रविवारी सात मिनिटं! तीही इराची वेणी घालता घालता! तीन रविवार आई फोनवर येत नाही, एकदा तरी म्हणालीस का, अण्णा, खरं सांगा? तुलाही देऊळच बरं वाटलं!"

ते खरं होतं. मला त्या तीन आठवड्यांत शंका आली होती, आणि मी ती खोदली नव्हती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. वडिलांनी ते टेबलावर आणून आपटलं.

मिलिंद, माझा नवरा, तेवढ्यात दूध फॅक्टरीतून परत आला. तो दारात डबा हातात धरून उभा राहिला. "काय झालं?"

इरा गळ्यात हेडफोन अडकवून पॅसेजमध्ये उभी होती. ती म्हणाली, "दे आर हॅविंग अ फाइट, डॅडा. इट्स फाइन."

त्या दिवशी आम्ही एकमेकांना माफ केलं नाही. मिठी मारली नाही. मला रडूही आलं नाही, आईसाठी मी धड रडले ते त्यानंतर वर्षाने, एका पेट्रोल पंपावर, काही कारण नसताना. पण त्या संध्याकाळी मला भूक लागली. कित्येक महिन्यांनी लागली. मिलिंदने पिठलं केलं होतं. मी आणि अण्णा एकमेकांकडे न बघता जेवलो आणि दोघांनीही पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी नववं प्रकरण पुन्हा लिहून आणलं. त्यात बाप शहाणपण शिकवत नव्हता. तारी विचारते, मैनेने माझी वाट बघितली का? बाप म्हणतो, बघितली. मी तुला बोलावलं नाही. तारी पाढे म्हणायला लागते आणि बाप ते ऐकत बसतो. प्रकरण तिथे संपतं. मी अण्णांना म्हटलं, आता त्याला चेहरा आला. ते म्हणाले, "कुरूप आहे." मी म्हटलं, "असू दे."

पुढे सीमा उघडल्यावर ते कराडला परत गेले. कादंबरीच्या शंभर प्रती तिथल्याच एका छापखान्यातून काढल्या, जुन्या शाळेत वाटल्या. आणि त्यांनी एक नवीनच खोड लावून घेतली. ते मला सगळं सांगतात. गुडघा कुठे दुखतो, रात्री किती वेळा उठावं लागलं, बीपी वरचं किती आणि खालचं किती. मी म्हणते, अण्णा, बास, मी कामात आहे. ते म्हणतात, ऐकून घे, नंतर म्हणशील सांगितलं नाही. मग आमचं जुंपतं. मिठावरून, चष्म्यावरून, त्यांनी परस्पर बदललेल्या गोळीवरून. मिलिंद म्हणतो तुम्ही बापलेक इतके भांडखोर कधीपासून झालात. मी त्याला तो दिवस सांगू शकेन, पण तो दारात होताच.

परवा त्यांचा फोन आला तो दुपारी, माझ्या ब्रेकमध्ये. इतर तक्रारी न सांगता ते थेट म्हणाले, "पोटाचा फोटो काढला. गाठ आहे म्हणतात. कसली ते पुढच्या आठवड्यात कळेल."

माझा आवाज आपोआप खाली उतरला, कामातला झाला. "बरं अण्णा. आपण शांतपणे..."

"तसं बोलू नकोस माझ्याशी."

मी विचारलं, "मी येऊ?"

या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर असतं. कशाला, लांबचा प्रवास, इराची शाळा, तू कामाचं बघ, माझं काही नाही. मी ते ऐकायच्या तयारीने फोन कानाला धरून उभी होते.

"ये," अण्णा म्हणाले. "मला भीती वाटतेय."